ताटातलं पाणी

चनबसप्पाकाका रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचतात. ओठ हलवत. मराठी पाटी मराठीत, कानडी पाटी कानडीत. इंग्रजी पाटीपुढे थांबतात आणि मला विचारतात.

हातात येईल त्या कापडाची घडी घालतात. रुमालाची, पिशवीची, माझ्या वाळत घातलेल्या शर्टाची. एकदा बँकेतल्या बाईंची ओढणी खुर्चीवरून घसरली, तर तिचीही.

फोन कानाला लावण्याआधी पुसतात.

खोटं बोलायची वेळ आली की शर्टावरून छातीवरचं इष्टलिंग चाचपतात, आणि मग खोटं बोलत नाहीत.

हसले की आवाज येत नाही. फक्त खांदे हलतात.

जेवण झालं की ताटात पाणी ओततात. बोटाने ते कडेकडेने फिरवतात. चटणीचा डाग, भाताचं शीत, सगळं पाण्यात उतरतं. मग ताट दोन्ही हातांनी उचलून ते पाणी पितात.

ही शेवटची सवय मी दुसऱ्याला देऊन टाकली. एका विनोदासाठी.

मी बिभीषण. गाव सांगोल्याकडे, घरी मेंढरं आहेत. मराठीत एम.ए. केलं आणि पुढच्या परीक्षांसाठी सोलापुरात राहिलो. बाळीवेशीत काकांच्या घरावरची खोली तीन वर्षं माझ्याकडे आहे. नोकरी अजून नाही. तरी काका मला पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणतात. मी एकदा म्हणालो, अजून झालो नाही. ते म्हणाले, "होशील की. नाव आधी लागलेलं बरं."

काका चादरीच्या दुकानात कामाला आहेत. छत्तीस वर्षं एकाच गादीवर. गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवायची, गिऱ्हाईक गेलं की परत घडी घालायची. चन्नम्माकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या. घरात काका आणि त्यांचा मुलगा नंदीश, वर मी. रात्रीचं जेवण आम्ही तिघं एकत्र करतो. भाकरी काका भाजतात.

बापलेकांचं बोलणं थोडं.

"आला काय?"

"व्हय."

"जेवतो?"

"व्हय."

नंदीश दिवसा कर्ज देणाऱ्या एका कंपनीत बसतो. संध्याकाळी क्लासला जातो असं काकांना सांगितलेलं होतं. क्लास नव्हता. होटगी रोडच्या एका कॅफेत तो माईक धरून लोकांना हसवायचा. पाच-सहा महिने चाललं होतं. मला माहीत होतं, कारण लिहायला मी मदत करायचो.

मग त्याला मोठा कार्यक्रम मिळाला. विजापूर रोडच्या लॉनवर, जेवणासकट. मुख्य कलाकार पुण्याहून येणार, त्याच्या आधी सोलापूरची चौघं. प्रत्येकी सात मिनिटं.

आम्ही गच्चीवर वही घेऊन बसलो. ऑफिसचे विनोद झाले, रिक्षाचे झाले. हसू येत नव्हतं.

"घरातलं काहीतरी पाहिजे," नंदीश म्हणाला.

"काकांचं ताटाचं घे की," मी म्हणालो.

तो म्हणाला, "ते नको."

"का?"

"नको असंच."

मी कारण विचारलं नाही. मला कारण माहीत आहे असं मला वाटत होतं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आमच्याकडे उन्हाळ्यात ताट धुतलेलं पाणी शेळीला ठेवायचे. काका पाणी वाचवतात, एवढंच मी धरून चाललो होतो. तीन वर्षं रोज शेजारी जेवून.

मी तिथंच बसून विनोद लिहिला. घरी भांड्याला बाई लावली. पहिल्या दिवशी तिने बाबांचं ताट उचललं आणि म्हणाली, हे घासलंय की. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती बाबांसमोर उभी राहिली. आण्णा, तुमी असं ताट पिऊन टाकाय लागला तर आमी जगायचं कसं?

अशी बाई आमच्याकडे कधी नव्हती. भांडी काकाच घासतात.

नंदीशने वाचलं. हसला. कॅफेत सांगितलं. लोक टेबलं बडवून हसले. तो विनोद त्याने शेवटी ठेवला.

कार्यक्रमाच्या आदल्या गुरुवारी जेवताना मी भाकरीचा तुकडा ताटात ठेवून उठलो. काकांनी हाक मारली.

"मास्तर, एक सांगू? राग मानू नको."

"सांगा की."

"ताटात पडलं की ते आपलं नसतंय. तेनं दिल्यालं असतंय." त्यांनी छातीला हात लावला. "प्रसाद म्हणायचं. एक कणसुद्धा सोडायचा न्हाई. आन शेवटचं पाणी पोटात गेलं की जेवण पुरं. तोवर अर्धंच."

मी परत बसलो आणि तो तुकडा उचलला.

"चन्नम्मा गेली त्या दिवशी लोकांनी बळंच अर्धी भाकरी खायला लावली," काका म्हणाले. "तवाबी पाणी प्यालो. रडू आलं ते नंतर."

नंदीश मान खाली घालून जेवत होता. रात्री गच्चीवर मी त्याला म्हणालो, ते काढून टाक.

"आता?" तो म्हणाला. "सात मिनिटांत तेवढंच चालतंय, बिभ्या. बाकी कुणी हसत न्हाई. तूच लिहिलास."

"तुला माहीत होतं ना?"

"मी नको म्हणालो होतो." त्याने वही मिटली. "आन बाबा कुटं येणार हायत? नऊला झोपत्यात."

मला ते पटलं. पटवून घेतलं.

शनिवारी सकाळी काका जिना चढून वर आले. "मास्तर, संध्याकाळी जेवायला चल. बाहेर. मालकांनी दोन पास दिलेत."

काका बाहेर जेवत नाहीत. लग्नात गेले तरी घरून जेवून जातात. मी विचारलं, "कुठल्या हॉटेलात?"

"चल की."

नंदीशची पाळी साडेआठच्या आसपास होती. काकांबरोबर जेवू आणि तिकडे जाऊ, असा मी हिशेब केला. काकांनी संध्याकाळची पूजा लवकर आटोपली. पांढरा शर्ट घातला. त्यावर घडीचे चार पट्टे दिसत होते. रिक्षा सात रस्त्याहून विजापूर रोडला लागली तेव्हाही मला काही वाटलं नाही. मग ती लॉनच्या फाटकाशी थांबली.

फाटकावर फ्लेक्स होता. पुण्याच्या कलाकाराचा मोठा हसरा चेहरा. खाली ओळीने चार छोटे चेहरे. तिसरा नंदीशचा.

काका उतरले. फ्लेक्ससमोर उभे राहिले. ओठ हलले.

"हाच दुकानात लावलाय," ते म्हणाले. "मालकांनी जाहिरात दिलीया. बारा दिवस झालं. गिऱ्हाईक चादर बघतंय, मी हेला बघतोय."

"नंदीशला सांगितलंत?"

"नको. घाबरंल पोरगं. पयल्यांदा उभं राहतंय एवढ्या लोकांत."

मी मागे राहून नंदीशला मेसेज टाकला. काका आलेत. ताटाचं काढ. एकच टिक आली. फोन केला, बंद होता. कलाकारांचे फोन आधीच काढून घेतले होते, हे मला नंतर कळलं.

काकांनी पुढून तिसरं टेबल धरलं.

"काका, मागं बसू. हितं स्पीकरचा आवाज लई येईल."

"आवाजासाठीच आलोय की."

"डास हायत."

"डास मागंबी असतील, मास्तर. बस."

मी पाणी आणतो म्हणून उठलो आणि स्टेजच्या मागे गेलो. काळा टी-शर्ट घातलेला एक धिप्पाड माणूस कनातीशी उभा होता.

"आत आर्टिस्ट हायत. सोडायचं न्हाय कुणाला."

"नुसता निरोप द्या. नंदीशला. ताटाचं नको म्हणावं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "जेवण तिकडं हाय, भाऊ. ताटंबी तिकडंच हायत."

मी पुन्हा सांगितलं. त्याने हात लांब करून जेवणाची रांग दाखवली.

परत आलो तर काका रांगेत होते. कप्प्यांचं ताट त्यांनी परत ठेवलं होतं आणि वाढप्याकडून साधं स्टीलचं मागून घेतलं होतं. ते का, हे आता मला कळत होतं. एक कडक भाकरी, शेंगाची चटणी, थोडी डाळ, मूठभर भात. एवढंच घेतलं. टेबलाशी बसून त्यांनी छातीला हात लावला, डोळे मिटले, आणि भाकरी मोडली.

आजूबाजूला कुटुंबं होती. पनीर, पुऱ्या, गुलाबजाम. मुलं खुर्च्यांवर उभी.

"मास्तर, लोक हसले न्हाईत तर काय करत्यात?"

"दुसरा विनोद सांगतात."

"तेलाबी न्हाई हसले तर?"

मी स्टेजकडे पाहिलं.

"मी हसीन," काका म्हणाले.

"काका, तुमच्या हसण्याला आवाज कुठं हाय?"

"तेच तर." त्यांनी घसा साफ केला. "हा. हा." शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. काका ओशाळले. "दुकानात मागच्या खोलीत करून बघितलं. तितं बरं निघत होतं."

काका भरभर जेवत होते. मला एकच दिसत होतं. हे जेवण संपणार. मग ते पाणी ओतणार. वर पोरगा तोच विनोद सांगणार, आणि तिसऱ्या टेबलावर बाप तेच करत असणार. लोक बघणार.

मी उठलो आणि भात आणला. त्यांच्या ताटात वाढला.

"आरं, आरं."

"थोडाच हाय."

त्यांनी तो खाल्ला. वाढलेलं टाकता येत नाही. मी डाळ आणली. मग पुन्हा भात. माझा विचार सरळ होता. नंदीशची सात मिनिटं होईपर्यंत ताट रिकामं होऊ द्यायचं नाही.

"साकु, मास्तर, साकु. पुरे." ते ताटावर आडवा हात धरायला लागले. मी बोटांच्या फटीतून वाढलं.

त्यांनी पट्टा एक भोक सैल केला. घाम पुसला. "मला आजच मारायचं ठरवलंस काय?"

आणि पुन्हा खायला लागले. एकेक घास. आता सावकाश.

मी ढवळाढवळ केली नसती तर आठलाच त्यांचं जेवण झालं असतं. पाणी पिऊन, ताट ठेवून, हात धुऊन ते बसले असते. हे मला त्या वेळी सुचलं नाही.

पहिल्या मुलीने आईवरचे विनोद सांगितले. लोक बरे हसले. दुसऱ्याने कॉलेजचे सांगितले. तोही निभावला. काका प्रत्येक टाळीला मान हलवत होते. जणू ती टाळी कुठेतरी साठत होती आणि पुढे नंदीशला मिळणार होती.

मग नंदीशचं नाव पुकारलं.

तो आला. माईक स्टँडवरून काढताना वायर अडकली. काकांचा घास हातातच राहिला.

ऑफिसचा विनोद गेला. कुणी हसलं नाही. रिक्षाचा गेला. चमच्यांचे आवाज येत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "भात संपला काय बघा ओ!" त्याला लोक हसले.

"हा. हा," काका म्हणाले. एकटेच. तेही चुकीच्या जागी, नंदीश अजून वाक्याच्या मधे असताना. नंदीशने आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला. त्याने तो आवाज ओळखला नाही. त्याने तो कधी ऐकलाच नव्हता.

"घाम आलाय तेला," काका मला म्हणाले. "पाणी दे म्हणावं कुणीतरी."

त्यांचं ताट रिकामं झालं होतं. शेवटचं शीत गेलं होतं. मी पातेल्याकडे धावायला उठलो, तेवढ्यात त्यांनी स्टेजकडे बघतच हात लांब केला, जग उचलला आणि ताटात पाणी ओतलं. बोट आपोआप कडेने फिरायला लागलं.

"आमच्या बाबांची एक सवय हाय," नंदीश म्हणाला.

"काका, चला, हात धुऊन येऊ."

"थांब की." त्यांचा चेहरा उजळला होता. "आमचं नाव काढतंय."

"बाबा जेवले की ताटात पाणी ओतत्यात," नंदीश म्हणाला. "आन ते पाणी पित्यात."

बोट थांबलं.

पुढच्या दोन टेबलांवरचे लोक हसले. पहिलंच हसू. नंदीशला धीर आला. तो पुढे सरकला, अगदी कडेला. "तर आमच्याकडं भांड्याला बाई लावली. तिनं पहिल्या दिवशी ताट उचललं…"

आणि त्याने काकांना पाहिलं. स्टेजचा उजेड तिसऱ्या टेबलापर्यंत येत होता. पांढरा शर्ट. समोर पाण्याचं ताट.

तो थांबला.

माईक घुं करत होता. तोंड उघडं होतं, शब्द नव्हता. एवढ्या वेळात चमचेही थांबले. मागून शिट्टी आली. "विसरलं, विसरलं!" आणखी एक म्हणाला, "बाईला घेऊन या रे!"

काकांनी ताटाकडे पाहिलं. मग नंदीशकडे. मी त्यांचं कोपर धरलं. त्यांनी माझा हात सोडवला आणि माझ्या मांडीवर नीट ठेवला, घडी घालून ठेवावा तसा.

मग ते उभे राहिले. ताट दोन्ही हातांत.

"नंदीश," त्यांनी हाक मारली. दुकानात गिऱ्हाइकाला मारतात तशी, खणखणीत. "थांबलास का? बाई काय म्हणाली ते सांग की. मला तर लई बोलली!"

सगळे वळले. कुणीतरी ओरडलं, "आण्णा आलेत, आण्णा!" हशा उठला.

काका खोटं बोलले होते. छातीला हात न लावता. दोन्ही हात ताटाला होते.

नंदीशचा आवाज आधी फाटला. "म्हणाली…" त्याने माईक दोन्ही हातांनी धरला. "म्हणाली, हे घासलंय की."

"म्हणाली की!" काका म्हणाले.

"दुसऱ्या दिवशीबी तेच."

"तेच!"

"तिसऱ्या दिवशी बाबांसमोर उभी राहिली. आण्णा, तुमी असं ताट पिऊन टाकाय लागला…"

काकांनी ताट तोंडाला लावलं.

"…तर आमी जगायचं कसं?"

लॉन फुटलं. लोक उभे राहिले. टेबलं बडवली. फोन वर झाले. शेजारची बाई डोळे पुसत होती. सगळ्यांना वाटलं, बापलेकांनी हे घरी बसवलंय. त्यानंतर नंदीश जे बोलला त्या सगळ्याला लोक हसले. रिक्षाचा विनोद त्याने पुन्हा सांगितला, त्यालाही.

काका खाली बसले. ताट समोर ठेवलं.

मी ताटात पाहिलं. पाणी होतं तेवढंच होतं. त्यांचे ओठ कोरडे होते.

"काका," मी म्हणालो. "पाणी."

"न्हाई." त्यांनी ताट एक बोटभर पुढे सरकवलं. "ते आता लोकांचं झालं."

त्यांनी कागदी रुमाल उचलला. घडी घातली. त्या घडीची घडी घातली. मग उठले.

"मी जातो चालत. पोट जड झालंय. तू थांब."

"मी येतो की."

"थांब. तो खाली येईल. तेला सांग, बाबा लई हसले."

ते खुर्च्यांमधून वाट काढत गेले. दोघातिघांनी त्यांच्याशी हात मिळवला. त्यांनी सगळ्यांना मान दिली. फाटकापाशी फ्लेक्सखाली ते क्षणभर थांबले आणि दिसेनासे झाले.

आज याला बरेच दिवस झाले. काका पाट्या वाचतात, घड्या घालतात. नंदीशला पुढच्या महिन्यात दहा मिनिटं मिळाली आहेत. त्या संध्याकाळबद्दल आम्ही तिघंही बोललेलो नाही. मला ते टेबल मात्र डोळ्यांसमोरून जात नाही.

नंदीश पळत आला होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते. तो हसत होता, कपाळावरून घाम गळत होता.

"बाबा कुटं हायत? काय बोलले रे! मला वाटलं मेलोच आज. कुटं गेले?"

"घरी. चालत." मग मला निरोप आठवला. "लई हसले म्हणून सांग म्हणाले."

"खरंच?"

तो काकांच्या खुर्चीवर बसला. मग त्याने ताट पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण ते आता कुणाचंच नव्हतं. तो ताटाकडे बघत राहिला. हात लावला नाही.

वाढपी येऊन उभा राहिला. "उचलू का, साहेब?"

ताटात पाणी संथ झालं होतं. त्यावर शेंगाच्या चटणीचं तेल लाल पसरलं होतं. काकांनी बोट अर्ध्या कडेपर्यंत फिरवलं होतं, तेवढी कड स्वच्छ होती. उरलेल्या कडेला चटणी तशीच चिकटलेली होती.